विक्षिप्त की एकाग्र?

लग्नकार्याने सारे घर गजबजलेले असता माडीवरच्या खोलीत एकटाच कागदांत डोके खुपसून बसणारा, जेवणासाठी चारदा हाक मारली तरी पाचव्या हाकेला ‘आलो’ म्हणून पुन्हा तिथेच रमणारा, चार माणसे जातात म्हणून एखादी वाट न धरणारा आणि चार माणसे जात नाहीत म्हणून हाती धरलेली वाट न सोडणारा असा एखादा मनुष्य बहुतेक प्रत्येक कुळात केव्हा ना केव्हा निपजतोच. आणि त्याला नावे ठेवण्यासाठी आपल्या भाषेने शब्दांची कोठारे भरून ठेवली आहेत. एककल्ली, छांदिष्ट, तऱ्हेवाईक, हेकट, घुम्या, माणूसघाणा, आणि या सर्वांचा शिरोमणी शोभेल असा ‘विक्षिप्त’. हा शेवटचा शब्द उच्चारला की त्या माणसाचा निकाल लागला असे आपण समजतो, आणि मग त्याच्याविषयी अधिक चौकशी करण्याची कोणालाच गरज भासत नाही.

परंतु या शब्दाचे मूळ घर पाहिले तर मोठी विस्मयकारक गोष्ट आढळते. पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. त्यांत विक्षिप्त म्हणजे क्षणभर स्थिरावून पुन्हा इतस्ततः फेकले जाणारे चित्त, म्हणजेच तुमचे आमचे, बाजारात, कचेरीत व ओसरीवर सर्वत्र आढळणारे सर्वसामान्य चित्त. आणि ज्याचे अग्र एकाच विषयावर ठरले आहे ते एकाग्र. शास्त्रार्थाने पाहता, दहा ठिकाणी मन विखुरलेले आपण सारे विक्षिप्त ठरतो, आणि ज्याला आपण विक्षिप्त म्हणतो तो बहुधा एकाग्र असतो. या प्रकरणात ज्या स्वभावाचा विचार करावयाचा आहे तो हाच. आणि शब्दांची ही अदलाबदल कशी झाली असावी हे कळले तर त्या स्वभावाचे निम्मे आकलन झाले असे म्हणावयास हरकत नाही.

या स्वभावात दोन भिन्न गुणांचा संयोग झालेला असतो. एक एकाग्रता, दुसरे स्वातंत्र्य. केवळ एकाग्रता ही पुष्कळांच्या ठायी असते. सराफ्यातला कारागीर किंवा पेढीवरचा मुनीम आपल्या कामात तासन् तास गढून जातो, पण ते काम कोणते करावे, कसे करावे आणि केव्हा पुरे म्हणावे हे त्याचा धनी ठरवितो. केवळ स्वातंत्र्यही दुर्मिळ नाही. कोणाचेच न ऐकणारी आणि कशातच न टिकणारी माणसे आपण रोज पाहतो. पण काय करावे हे आपल्याच विवेकाने ठरवावयाचे, आणि एकदा ठरविल्यावर आयुष्याची वर्षेच्या वर्षे त्यात ओतावयाची, हा योग जिथे जुळतो तिथे एक वेगळीच प्रकृती सिद्ध होते. लोकमताचा तिच्यावर परिणाम होत नाही, कारण तिची कसोटी आतली असते. आणि लोकव्यवहाराला ती परकी वाटते, कारण तिचा वेळ आधीच दुसरीकडे गहाण पडलेला असतो.

माणसांच्या स्वभावांची वर्गवारी करण्याचा उद्योग प्राचीन आहे. आपल्याकडे सत्त्व, रज, तम अशी त्रिगुणांची विभागणी झाली, वैद्यकाने वात, पित्त, कफ या प्रकृती मानल्या. आणि स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख व बहिर्मुख ही जोडी मांडली, जी आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. युंग यांच्या विचारावरून पुढे अमेरिकेत प्रश्नावल्या रचल्या गेल्या, माणसांचे सोळा प्रकार पाडले गेले, आणि नोकरीच्या मुलाखतींतही त्यांचा वापर होऊ लागला. वाचकाने त्यांच्याबाबत एक सावधगिरी बाळगावी. स्वभाव म्हणजे जातवारीचा तक्ता नव्हे की ज्यात मनुष्य एका रकान्यात असला म्हणजे दुसऱ्यात असूच शकत नाही. तो सह्याद्रीच्या उतारासारखा असतो, जिथे कोकण कोणत्या पावलाला संपले आणि घाट कोणत्या पावलाला लागला हे बोट ठेवून दाखविता येत नाही. बहुतेक माणसे मधल्या उतारावरच राहतात. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ती माणसे शिखरावर राहणारी आहेत, एवढाच फरक. हवा तीच, पण तिथे ती विरळ होते.

आता अशा माणसाच्या आत काय घडते ते पाहावे. हंगेरियन वंशाचे आणि शिकागो येथे अध्यापन करणारे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक अशा लोकांना त्यांच्या कामातल्या तल्लीनतेविषयी प्रश्न विचारून १९७५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. काम कोणते हे स्पष्ट असावे, ते साधते आहे की बिघडते आहे हे तत्काळ कळावे, आणि त्याचे काठिण्य कर्त्याच्या कौशल्याच्या तोडीस तोड असावे, असा मेळ बसला म्हणजे ‘मी’पणाची जाणीव मावळते, घटका पळांसारख्या सरतात, आणि कामाचे वेतन मिळो वा न मिळो, काम हेच वेतन होऊन बसते, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी ‘प्रवाह’ असे नाव दिले. सर्वसामान्य माणसाला हा प्रवाह कधीमधी लाभतो. एकमार्गी माणूस आपले सारे आयुष्यच अशा रीतीने आखतो की त्यात तो नित्य लाभावा, आणि जे जे त्यात अडथळा आणते ते ते त्याच्या दिनचर्येतून निमूटपणे गळून जाते. आपल्याला त्याचे गळून गेलेले दिसते. त्याने धरून ठेवलेले दिसत नाही. शब्दांची अदलाबदल झाली ती इथेच.

महाराष्ट्रात या प्रकृतीचा मूर्तिमंत नमुना शोधावयाचा तर इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्यापाशीच यावे लागते. पेण तालुक्यातील वरसई येथे १८६३ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले. शिक्षण पुण्यात झाले, पण नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांवरच त्यांचे अधिक प्रेम होते, आणि शाळा-कॉलेजांतील आपल्या अनुभवांवर पुढे त्यांनी जो दीर्घ लेख लिहिला त्यात त्या शिक्षणपद्धतीची त्यांनी मुळीच गय केली नाही. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून जगातील उत्तम ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग आरंभिला, प्लेटोचा ‘रिपब्लिक’ स्वतः मराठीत उतरविला. ते मासिक काही वर्षांतच बंद पडले. आणि मग वाईस पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांचा संग्रह त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्या दिवसापासून या माणसाच्या आयुष्याला दुसरी दिशाच उरली नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्याच्या विस्तीर्ण प्रस्तावनेत पानिपतच्या मोहिमेची पत्रांच्या आधाराने फेरतपासणी होती. आणि त्यामागून एकवीस खंड आले.

हे ‘साधने गोळा करणे’ म्हणजे काय, हे वाचकाने जवळून पाहिल्यावाचून त्यातील एकाग्रतेची खोली कळावयाची नाही. एखाद्या जुन्या घराण्याच्या वाड्यात, माळ्यावरच्या पेटीत, कापडात बांधलेले कागदांचे रुमाल असतात. गाठ सोडली की धूळ उडते, कसरीने खाल्लेल्या कडा हातात भुगा होऊन येतात. आत मोडी लिपीतले पत्र. कारकुनाने आधी आडवी रेघ ओढली आहे आणि तिच्याखाली बोरूने अक्षरांची अखंड साखळी सोडली आहे. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. पत्राच्या शेवटी ‘छ १४ रजब’ एवढेच. छ म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी चांद्रमासाची तिथी. सन कित्येकदा लिहिलेलाच नसतो, कारण लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला तो ठाऊकच होता. मग कोण सरदार त्या वेळी कोणत्या मुक्कामी होता, कोणाचा उल्लेख ‘कैलासवासी’ म्हणून झाला आहे, पावसाचा निर्देश आहे की थंडीचा, असल्या बारीक धाग्यांवरून त्या एका पत्राचे वर्ष ठरवावयाचे. आणि ते ठरले म्हणजे दुसरे पत्र घ्यावयाचे. रुमालात शेकडो पत्रे, वाड्यात अनेक रुमाल, आणि देशात असे वाडे किती! शिवाय वाड्याचा मालक बहुधा संशयी. कागद दाखविले तर इनामाचा काही बखेडा निघेल या भीतीने दाराशीच वाटेला लावणारा. अशा दारांवर राजवाडे वर्षानुवर्षे गेले, परत पाठविले गेले तरी पुन्हा गेले. गावोगावची वाट तुडवीत, हाताने रांधून खात, कोणत्याही सरकारी पदाची वा वेतनाची अपेक्षा न ठेवता. लिहावयाचे ते मराठीतच, हा त्यांचा निश्चय होता. इंग्रजीत लिहिले असते तर कीर्ती दूरवर गेली असती हे न कळण्याइतके ते अजाण नव्हते. कीर्ती कुठवर जावी हा त्यांचा प्रश्नच नव्हता. मराठी भाषेवरील त्यांची तीच निष्ठा त्यांना ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाकडे घेऊन गेली, धातूंच्या व शब्दांच्या व्युत्पत्तीकडे घेऊन गेली, आणि तिथेही त्यांनी रुमाल सोडावेत तसेच शब्द सोडले.

अशा माणसाला ‘माणूसघाणा’ म्हणणे किती अपुरे आहे, हे त्याच्या कामाकडे पाहिले म्हणजे उमगते. शतकाहून अधिक काळापूर्वी रणांगणावरून घरी पत्र पाठविणाऱ्या अनामिक कारकुनाचे अक्षर लावण्यासाठी जो आपले डोळे झिजवितो, त्याला माणसांचा कंटाळा आहे असे कोण म्हणेल? त्याची आस्था समोरच्या चार जणांवरून उठून दूरच्या चार हजारांवर जाऊन बसलेली असते. समोरच्यांना त्याचा सल राहतो, आणि तो सल खोटा नसतो, एवढेच.

मात्र या प्रकृतीचे दोष झाकून ठेवले तर हे प्रकरण स्तुतिपाठ होईल. एकट्याने चालणाऱ्याला वाटेत ‘तुमचे चुकते’ म्हणणारा भेटत नाही, आणि भेटला तरी त्याचे ऐकून घेण्याची सवय मोडलेली असते. राजवाड्यांनी अस्सल कागद जमविण्यात जो संयम दाखविला तो निष्कर्ष काढताना पुष्कळदा दाखविला नाही. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील विद्वानांनी स्वीकारल्या नाहीत. संतांविषयीचे त्यांचे निवाडे अनुदार होते. जातींविषयीचे त्यांचे पूर्वग्रह त्यांच्या लेखणीतून वाहिले, आणि कायस्थ प्रभूंसंबंधीच्या लेखनाला केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून खणखणीत उत्तर दिले. एकाग्र दृष्टी म्हणजे निर्दोष दृष्टी नव्हे. दुर्बिणीतून दूरचे स्पष्ट दिसते, पण बाजूचे अजिबात दिसत नाही. आणि ज्याने ती दुर्बीण डोळ्यावरून कधी उतरविलीच नाही त्याला बाजूला काही आहे याचाच विसर पडतो.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याला इंग्लंडात मिळते. हेन्री कॅव्हेंडिश हा अठराव्या शतकातील शास्त्रज्ञ ड्यूक घराण्यातला, अपार श्रीमंत, आणि इतका संकोची की घरातील स्त्रीनोकरांना जेवणाचा हुकूमही तो चिठ्ठी लिहून देई. याच माणसाने शिशाच्या गोळ्यांमधील अतिसूक्ष्म आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली व तो निष्कर्ष १७९८ साली प्रसिद्ध केला. आपल्या देहाच्या उष्णतेने हवा हलून प्रयोग बिघडू नये म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवून तो बाहेरून दुर्बिणीने निरीक्षण करी. १७८५ साली हवेवर प्रयोग करताना तिच्यातील नायट्रोजन पूर्णपणे शोषून घेतल्यावरही एक इवलासा बुडबुडा उरला, मूळ नायट्रोजनाच्या १२० व्या भागाहूनही मोठा नसलेला. दुसऱ्या कोणी तो हाताची चूक म्हणून सोडून दिला असता. त्याने त्याची नोंद केली. शंभराहून अधिक वर्षांनी, १८९४ साली, रॅले आणि रॅम्से यांनी आर्गॉन वायूचा शोध लावला तेव्हा त्या बुडबुड्याचा उलगडा झाला. एकाग्रतेचा महिमा याहून मोठा काय असणार? पण त्याच कॅव्हेंडिशने विजेवर केलेले अपूर्व प्रयोग वह्यांतच राहिले. १८१० साली तो वारला, आणि मॅक्सवेलने ते संपादून प्रसिद्ध केले १८७९ साली. मधल्या काळात त्यांतील कित्येक गोष्टी इतरांना पुन्हा नव्याने शोधाव्या लागल्या. एकांतात काम होते. परंतु ते पोहोचते लोकांतूनच, आणि पोहोचविणारा भेटला नाही तर सिद्धीस गेलेले कामही तळघरात पडून राहते.

इथे राजवाड्यांचे दैव बलवत्तर ठरले, आणि त्यात त्यांच्या विवेकाचाही वाटा होता. सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पुढे मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर झाले; धुळ्यास राहिले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. संस्था स्थापन करणे त्यांना साधले, संस्थेत नांदणे साधले नाही. पण मंडळ मोडले नाही, कारण दत्तो वामन पोतदारांसारखे निराळ्या प्रकृतीचे लोक तिथे ठामपणे राहिले: सभा भरविणारे, इतिवृत्त लिहिणारे, वर्गणी गोळा करणारे, रुसलेल्यांची समजूत घालणारे. इतिहासात ध्यासवेड्याचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते, ते योग्यच आहे. परंतु त्याच्यामागे हिशेबाची वही सांभाळणारा कोणी नसता तर ती ठळक अक्षरे जुळविली कोणी असती?

घराच्या आतही हाच न्याय लागू पडतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या मतांपायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडले, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड व्हावयाचा तो झालाच. आणि या सर्व वर्षांत संसाराचा भार ज्यांनी उचलला त्या मालतीबाईंचे नाव किती जणांना आठवते? एकमार्गी माणसाने आपल्या स्वातंत्र्याची किंमत आपणच दिली अशी समजूत करून घेऊ नये. त्या किमतीचा मोठा हप्ता बहुधा घरातले दुसरेच कोणी भरत असते, आणि त्याची जाणीव ठेवणे हे त्याचे ऋण आहे.

ही प्रकृती उपजत असते की घडविली जाते, या वादात एक विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडातील बालवैद्य व मनोविश्लेषक. एकटे राहता येणे ही उणीव नसून कमाई आहे, आणि ती लहान मुलाला आई जवळ असतानाच साधते, असे त्यांनी १९५८ सालच्या एका निबंधात प्रतिपादिले. आई ओटीवर गहू निवडीत आहे, पलीकडे मूल ठोकळे मांडीत आहे. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, पण आई आहे हे मुलाला न पाहताही ठाऊक आहे, म्हणूनच ते ठोकळ्यांत निर्धास्त बुडून जाऊ शकते. जे मूल असे एकटे राहावयास शिकले त्याला पुढे एकांताचे भय वाटत नाही. याच कसोटीने खऱ्या एकाग्र माणसाला भयाने कोपऱ्यात गेलेल्या माणसापासून वेगळे ओळखता येते. पहिला कशाकडे तरी गेलेला असतो, दुसरा कशापासून तरी गेलेला असतो. पहिल्याच्या खोलीत डोकावले तर काही तरी घडत असलेले दिसते; दुसऱ्याच्या खोलीत नुसते दार लावलेले असते. त्या दुसऱ्याला मोकळीक देऊन भागत नाही, त्याला आधाराची आणि प्रसंगी वैद्याची गरज असते. आणि स्वतंत्र वृत्तीचे कौतुक करण्याच्या भरात या दुःखी माणसाकडे दुर्लक्ष करणे हे मोठे पाप होय.

तेव्हा व्यवहारात करावयाचे काय? अशा मुलाचा खेळ अर्ध्यावर मोडून त्याला पाहुण्यांपुढे उभे करू नये. घटकाभर आधी सूचना द्यावी आणि मग बोलवावे. अशा हाताखालच्या माणसाला कचेरीत काम सोपवावयाचे तर ते सबंध सोपवावे, मुदत नेमून द्यावी, आणि मधल्या काळात दर तासाला मसुदा कुठवर आला म्हणून विचारू नये. मात्र मुदत उलटली तर स्पष्ट जाब विचारावा, कारण मोकळीक व जबाबदारी ही एकाच सनदेची दोन कलमे आहेत. अशा जोडीदाराचे मौन हे रागाचे मौन समजू नये. पण सणावाराला, आजारपणात व संकटात त्याने उठून आलेच पाहिजे, असा हक्काने आग्रह धरावा. आणि वाचकहो, तुम्ही स्वतःच जर या प्रकृतीचे असाल, तर दोन गोष्टी पदरात बांधून ठेवा: आपले चुकते असे तोंडावर सांगणारा एक तरी स्नेही राखा, आणि आपले काम दुसऱ्याच्या हाती जाईल अशा रीतीने लिहून ठेवा.

राजवाड्यांच्या निधनानंतर, १९२७ साली, धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. आणि ज्या मंडळापासून ते दूर झाले होते त्याचे दफ्तर पुण्याच्या सदाशिव पेठेत आजही अभ्यासकांना खुले आहे. तिथे जाऊन कोणीही मोडी रुमालाची गाठ सोडावी, आणि एका पत्राचे तरी वर्ष ठरवून पाहावे. संध्याकाळ केव्हा झाली हे कळणार नाही, आणि बाहेर आल्यावर ‘विक्षिप्त’ हा शब्द पूर्वीइतका सहज तोंडी येणार नाही.